नबातींची वाट आणि त्यांचे पाणी

श्रोतेहो, नानाखेड्याच्या बसस्थानकावर पहाटेपासून इंदूरकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू झाली की मनात येते, उज्जैन हे महाकालाचे क्षेत्र खरेच. पण ते वाटसरूंचे आणि व्यापाऱ्यांचेही नगर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची माहिती देणारे 'पेरिप्लस' हे पुस्तक लिहिले. उज्जैनहून अकीक आणि मलमल भडोच बंदरात येते, असे त्यात नमूद आहे. आपल्या पैठणची आणि तेरचीही त्यात नोंद आहे. त्याच पुस्तकात पेट्रा हे नगर आणि नबाती अरबांचा राजा मलिकू यांचाही उल्लेख येतो. पेट्राकडे वाट जाणाऱ्या बंदरात मालाचा चौथा हिस्सा जकात म्हणून घेतला जाई. चौथाई हा शब्द मराठी माणसाला काही परका नाही!

पेट्रा आजच्या जॉर्डन देशात आहे. दक्षिण अरबस्तानातील धूप आणि गंधरस उंटांच्या तांड्यांवरून भूमध्य समुद्राकडे जाई. त्या वाटा नबातींच्या हाती होत्या आणि पाण्याच्या बळावरच त्यांनी त्या राखल्या. अरुंद तोंडाची, आतून प्रशस्त आणि गिलावा केलेली टाकी ते जमिनीखाली खोदीत. त्यांच्या खुणा त्यांनाच ठाऊक असत. शत्रू चालून आला की ते वाळवंटात शिरत आणि शत्रू तहानेने माघारी फिरे. इ. स. पूर्व ३१२ मध्ये अँटिगोनस या ग्रीक सत्ताधीशाने त्यांच्यावर पाठविलेली मोहीम फसली. पुढे हेच भटके लोक नगरवासी झाले. खडकातील पन्हळी, मातीचे नळ, बंधारे आणि हौद यांच्या योगाने त्यांनी उघड्या डोंगरात पेट्रा वसविले.

परंतु मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने जहाजे इजिप्तहून थेट हिंदुस्थानास येऊ लागली आणि तांड्यांचे महत्त्व ओसरत गेले. इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने हे राज्य खालसा केले.

मग उरले काय? एक तर अक्षरे उरली. नबाती लिपीतूनच पुढे अरबी लिपी घडली. मराठेशाहीतील फारसी पत्रव्यवहार ज्या लिपीत झाला, तीही त्याच कुळातील.

दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रात शिरण्याच्या अरुंद घळीच्या तोंडाशी नबातींनी पूर वळविणारा बंधारा बांधला होता. पुढे तो ढासळला. एप्रिल १९६३ मध्ये अचानक लोटलेल्या पुरात त्या घळीत वीसहून अधिक यात्रेकरू बुडून मेले. तेव्हा, १९६४ मध्ये, त्याच जागी बंधारा पुन्हा उभारण्यात आला. पूर्वजांची विद्या मोडीत काढण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

श्रोतेहो, नबातींपाशी नदी नव्हती, तरी त्यांनी पाण्याचा थेंबन् थेंब राखला. आमच्यापाशी क्षिप्रा आहे, पण २०१४ पासून तिच्यात नर्मदेचे पाणी आणून सोडावे लागते. वाटा बदलतात, राज्ये बुडतात, त्यावर कोणाचा इलाज नाही. परंतु दारची नदी आणि जुन्या विहिरी राखणे तर आपल्या हाती आहे.