हापशीच्या पोटात काय आहे?

(प्रौढ वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



मी काही इंजिनियर नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. सारी उमर नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मुलं शिकवण्यात गेली. पण शाळेच्या आवारात हापशी असली, की हेडमास्तरला तिचाही अभ्यास करावा लागतो. त्या अभ्यासातलं थोडं आज तुम्हांला सांगतो.

आपल्याकडे तिला बोरिंग म्हणतात, कोणी हापसा म्हणतात, सरकारी कागदावर हातपंप लिहितात. नावं तीन, वस्तू एकच. दांडा दिसतो, तोटी दिसते, ओटा दिसतो. पण खरी हापशी जमिनीखाली आहे. तिथे शंभर फुटांवर काय चालतं, ते आपण कधी पाहिलेलं नसतं. जे दिसत नाही, त्याची काळजी कोण घेणार?

आधी भोक कसं पडतं ते पाहू. नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-हिंगण्याकडे काळा पाषाण आहे. पूर्वेकडे दुसऱ्या जातीचा, पण तसाच कठीण खडक आहे. पूर्वी असा खडक फोडायला आठवडे लागत. वर घण मारायचा आणि त्याचा जोर लांब सळयांतून खाली पोचवायचा. वाटेत अर्धा जोर वाया जाई. मग लोकांनी युक्ती काढली. घणच भोकात खाली उतरवला! वरून नळीतून दाबाची हवा सोडायची. त्या हवेने खालचा घण धडधडा हलतो आणि खडकाला भिडलेल्या छिन्नीवर आपटतो. छिन्नीच्या तोंडाला टंगस्टन कार्बाईडची बटणं बसवलेली असतात. ती पोलादापेक्षा कठीण. तीच हवा खडकाचा भुगा वर फेकते. आठवड्यांचं काम दिवसावर आलं. १९६७ साली बिहारात मोठा दुष्काळ होता, तेव्हा युनिसेफने अशी यंत्रं आपल्या देशात आणली. १९७२ चा महाराष्ट्राचा दुष्काळ तर माझ्या लहानपणचाच. त्यानंतर गावोगाव बोअर झाले.

भोकं पडली, पाणी लागलं. पण वर बसवायचं काय? बिडाचे पंप बसवले. ते विलायती नमुन्याचे होते, एका घराने दिवसातून चार बादल्या काढाव्या, एवढ्यापुरते. आपल्या गावात काय होतं, त्याचा हिशोब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, हापशीवर पन्नास घरं आहेत. घरटी आठ गुंड पाणी लागतं. झाले चारशे गुंड. एक गुंड भरायला साधारण चाळीस वेळा दांडा मारावा लागतो. चारशे गुणिले चाळीस, म्हणजे सोळा हजार. एका दिवसात सोळा हजार वेळा! वर्षाला अठ्ठावन्न लाखांच्या वर. एका घराचा नाजूक पंप हा मार कसा सोसणार? बोल्ट झिजत, दांडे मोडत, बीड तडकत असे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा चारांतले तीन पंप बंद सापडले. भोकावर खर्च झाला आणि बाया पुन्हा नाल्याच्या वाटेला लागल्या.

आता एक गोष्ट अभिमानाने सांगतो. यावर तोड आपल्या महाराष्ट्रात निघाली. जालन्याला आणि सोलापूरला मिशनच्या लोकांनी पाण्याचं काम चालवलं होतं. तिथल्या कारखान्यात त्यांनी नवा पंप घडवला. बीड टाकून दिलं, पोलाद घेतलं. पाच-सहा बोल्टांच्या सांध्यांऐवजी दांड्याला एकच आस ठेवला. दांड्याला साखळी लावली आणि साखळीला सळई. दांडा गोल फिरला तरी सळई सरळ वर जाते, कुठे घासत नाही. या पंपांना लोक जालना पंप आणि सोलापूर पंप म्हणू लागले.

पुढे भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी, यांनी सोलापूरच्या पंपावरून नवा नमुना तयार केला. कोइमतूरजवळच्या खोल बोअरवर तो चालवून पाहिला. त्याचं नाव इंडिया मार्क दोन. १९७७-७८ पासून तो कारखान्यांतून निघू लागला. १९७९ साली त्याचं सरकारी माप ठरलं. मापं एक झाल्याने एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही हा पंप आहे. म्हणजे सोलापूरचं बीज कुठवर गेलं पहा!

आता हापशीच्या पोटात उतरू. दांड्याच्या साखळीला सळई. सळई पाईपातून खाली जाते. पाईपाच्या तळाशी, पाण्यात बुडालेलं सिलिंडर. सिलिंडरात एक दट्ट्या असतो आणि दोन झडपा. एक झडप दट्ट्यात, दुसरी अगदी तळाशी. दांडा खाली दाबला, की दट्ट्या वर येतो. त्याची झडप मिटते, वरचं पाणी उचललं जातं. त्याच वेळी तळाची झडप उघडते, नवं पाणी आत शिरतं. दांडा वर सोडला, की दट्ट्या खाली जातो. आता तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते आणि पाणी दट्ट्याच्या वर येतं. एक दार उघडतं तेव्हा दुसरं मिटतं. एवढंच सारं गुपित आहे.

दट्ट्याभोवती वाटीसारखा वायसर असतो. पूर्वी तो चामड्याचा असे. चामडं भिजतं, फुगतं, झिजतं. १९८३ पासून कोइमतूरकडे पुष्कळ हापशांवर प्रयोग झाले. त्यात चामड्याऐवजी नायट्राईल रबराचा वायसर फार जास्त टिकतो असं दिसलं. एवढीशी वाटी बदलली आणि हापशी बंद पडण्याच्या वेळा पुष्कळ कमी झाल्या.

हे रबर आणखी कुठे वापरतात, ठाऊक आहे? तेलाच्या विहिरीत. मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. त्या जागेला बॉम्बे हाय म्हणत, आता मुंबई हाय म्हणतात. १९७४ साली तिथे तेल लागलं, १९७६ पासून ते निघू लागलं. आपली बोरिंग दोनशे फूट, ती विहीर हजारो फूट. आपल्याला पाणी ओढावं लागतं, तिथे तेल आणि गॅस आपल्या जोराने वर येऊ पाहतात. तो जोर आवरला नाही, तर स्फोट होतो. १९८२ साली तिथल्या सागर विकास नावाच्या यंत्रनौकेवर असंच झालं. विहीर उसळली आणि आग लागली.

म्हणून तेलाच्या विहिरीत खाली नळीतच एक झडप बसवतात. वरून बारीक नळीने तेलाचा दाब देऊन ती उघडी ठेवतात. वर काही अपघात झाला आणि दाब गेला, की आतली स्प्रिंग झडप आपोआप मिटवते. माणसाने धावत जाऊन बंद करायची गरज नाही. शहाणपण यात आहे. बिघाड झाला, तरी यंत्र धोक्याच्या बाजूला न जाता सुरक्षित बाजूला गेलं पाहिजे.

तेलाची विहीर असो की आपली हापशी, नियम एकच. भोकात जे उतरवाल ते भक्कम असू द्या, कारण ते वर काढणं महाग पडतं. आणि जे झिजणारच, ते स्वस्त ठेवा आणि सहज हाती येईल असं ठेवा.

महाग म्हणजे किती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गावाचं नाव सांगत नाही. एका उन्हाळ्यात शाळेजवळची हापशी कमी पाणी देऊ लागली. वायसर झिजला होता. बदलायचा तर सारे पाईप वर काढायला हवेत. खाली पाईप किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कुठे लिहिलेलंच नव्हतं. एक जण म्हणाला, सहा असतील. सहा पाईपांच्या हिशोबाने तीन माणसं लागली. प्रत्यक्षात पाईप होते अकरा. एक पाईप तीन मीटरचा. अकरा पाईप, आतल्या सळया आणि भरलेलं पाणी मिळून दीडशे किलोच्या वर वजन. पहिलाच पाईप उचलला, पकड घसरली आणि सारा गठ्ठा भोकात गेला. पाईप धरणाऱ्या एका उमद्या पोराची दोन बोटं पकडीत सापडून तुटली.

गळ टाकून पाहिला, पण पाईप काही निघाले नाहीत. बोअर वाया गेला. दुसरा होईपर्यंत बाया नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी आणत होत्या. गावात हगवण लागली. एक तान्हं लेकरू त्यात गेलं. त्याचा मोठा भाऊ माझ्या शाळेत दुसरीत होता.

मंडळी, ते लेकरू कशाने गेलं? रोगाने गेलं, हे खरं. पण एक आकडा लिहून ठेवला असता, तर आठ माणसं लावली असती. पाईप पडले नसते. मी तिथला हेडमास्तर. शाळेत हजेरीपट होता, दाखल-खारीज होतं, खडूचासुद्धा हिशोब होता. हापशीची वही मात्र मी ठेवली नव्हती. हा ठपका मी स्वतःवरच ठेवतो.

आता उपाय ऐका. इंडिया मार्क तीन नावाचा सुधारलेला पंप आहे. त्याचा पाईप रुंद, अडीच इंची. नुसत्या सळया वर ओढल्या, की दट्ट्या आणि तळाची झडप पाईपातूनच वर येते. पाईप काढावे लागत नाहीत. गावातल्या गावात वायसर बदलता येतो. किंमत थोडी जास्त, पण पाईप पडायची आणि बोटं तुटायची भीती फार कमी. नवा पंप मागाल, तेव्हा ग्रामसभेत त्याचं नाव घ्या.

जुना पंप असेल, तर त्याची बोली शिका. हापशी मुकी नाही. पाणी यायला फार वेळ दांडा मारावा लागतो? तळाची झडप गळते, किंवा पाईपाचा सांधा गळतो. दर खेपेला पाणी कमी पडतं? वायसर झिजला, किंवा पाण्याची पातळी उतरली. दांडा एकदम हलका झाला? सळई सुटली. लगेच थांबा. साखळी कुरकुरते? ग्रीस मागते आहे. दांडा सावकाश आणि पुरता मारा. झटके देऊ नका. पोरांना दांड्यावर लोंबकळू देऊ नका.

ओट्याला तडा गेला, तर सिमेंटने लगेच बुजवा. त्या तडीतून धुण्याचं आणि गुरांचं घाण पाणी थेट बोअरमध्ये उतरतं. वरून पाणी स्वच्छ दिसतं, पण आत रोग असतो.

आणखी एक. जो बोअर वाया गेला, तो उघडा ठेवू नका. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडल्याच्या बातम्या आपण ऐकतो. २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे, की बोअर खोदण्याआधी अधिकाऱ्यांना कळवावं. खोदताना भोवती कुंपण घालावं आणि पाटी लावावी. पाईपाच्या तोंडावर लोखंडी झाकण पक्कं बसवावं. पंप दुरुस्तीला काढला, तरी भोक उघडं टाकू नये. निकामी बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकावा. नुसता दगड ठेवला, म्हणजे झाकलं असं होत नाही.

आता मागे बसलेल्या आजी म्हणतील, "गुरुजी, हे बाप्यांचं काम. आम्हाला काय सांगता?" आजी, पाणी कोण भरतं? हापशीचा आवाज बदलला, हे पहिल्यांदा कोणाला कळतं? उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० नंतर खेड्यातल्या बाया हापशी दुरुस्तीचं काम शिकल्या. त्यांतल्या पुष्कळ जणींना आधी लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी पाना हाती घेतला आणि पुढे अक्षरंही गिरवली. मग आपल्या लेकीसुनांना का जमणार नाही?

म्हणून आज घरचा अभ्यास देतो. तुम्ही आता अक्षरं आणि आकडे लिहू लागला आहात. गावातल्या एकेका हापशीसाठी एक वही करा. तीत चार गोष्टी लिहा. बोअर किती खोल? पाईप किती? वायसर कोणत्या तारखेला बदलला? दुरुस्ती कोणी केली? आणि पाईपांचा आकडा रंगाने ओट्यावर मोठ्या अक्षरांत रंगवा. ठाऊक नसेल, तर पुढच्या दुरुस्तीला मोजा आणि त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकू नका.

त्या माझ्या गावात नव्या हापशीच्या ओट्यावर आता "पाईप १२" असं लिहिलं आहे. दर पोळ्याला बैल रंगवून झाले, की उरलेल्या रंगाने तो आकडा पुन्हा गिरवतात. पहिल्यांदा तो रंगवला, तो बोटं गेलेल्या त्याच पोराने. अक्षर थोडं वाकडं आहे, पण दुरून वाचता येतं.