गावांची यादी येते कोठून?

श्रोतेहो, सातबाऱ्यासाठी महाभूलेखाचे पान उघडले, की अमरावती विभाग, मग बुलढाणा जिल्हा निवडायचा. लगेच खाली 13 तालुके उतरतात. लोणारवर बोट ठेवले, की लोणारचीच गावे. ही नावे पानावर लिहिलेली नसतात बरे का! निवडलेल्या जिल्ह्याचा संकेतांक दूरच्या संगणकाकडे जातो, आणि तिथल्या कोष्टकातून तेवढ्याच ओळी परत येतात. नावाने नव्हे, अंकाने. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात ना!

लोणार पूर्वी मेहकर तालुक्यात होते. आज असा बदल झाला तर पान तसेच राहते, कोष्टकातली नोंद तेवढी बदलते. ती बदलायची राहिली, तर शेतकरी बिचारा बोट दाबीत बसतो. गुरुजी, त्याला सांगा : जुन्या तालुक्यात शोधून पाहा, नाहीच सापडले, तर तहसील कचेरी गाठा.