शस्त्रक्रियेनंतरची थंडी आणि घरच्यांचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बुधवार पेठेत झालेल्या आरोग्य व्याख्यानाचा संपादित अंश)



भूलतज्ज्ञ म्हणून माझी हयात शस्त्रक्रियागृहात गेली. म्हणून विषयही तेथलाच निवडला आहे.

आपल्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे मंदिर आहे. पासोडी म्हणजे जाड, दुहेरी सुती पांघरूण. पूर्वी या परिसरात पासोड्यांची विक्री होत असे, म्हणून देवाला हे नाव पडले असे सांगतात. थंडी वाजली की पांघरूण घ्यावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतरची थंडी निराळी असते. तिथे नुसती माया पुरत नाही, माहितीही लागते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

मी वैद्यकीय शिक्षण घेत असतानाची गोष्ट. माझ्या आत्याच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. खोलीत आणल्यावर तिला हुडहुडी भरली, दात वाजू लागले. डिसेंबरचे दिवस होते. मी घाईघाईने रबरी पिशवीत गरम पाणी भरले आणि तिच्या पावलांशी ठेवली. आत्या काही बोलली नाही. कशी बोलणार? पायांना संवेदनाच नव्हती. संध्याकाळी पाहतो तो टाचेवर मोठा फोड. शस्त्रक्रियेची जखम वेळेत भरली. माझ्या पिशवीने केलेली जखम भरायला त्याहून अधिक काळ लागला.

ही थंडी का वाजते? शरीराच्या आतील भागाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट असते. ते ३६ अंशांच्या, म्हणजे ९६.८ फॅरनहाइटच्या खाली उतरले, की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. भूल दिल्यावर शरीराची तापमान सांभाळणारी यंत्रणा मंदावते. हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि छाती-पोटातील ऊब हातापायांकडे वाहू लागते. त्यामुळे पहिल्या तासाभरातच आतील तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. त्यात उघडी जखम, गार खोली आणि शिरेतून जाणारे गार सलाईन यांची भर पडते. म्हणून ही थंडी पौषात वाजते तशी वैशाखातही वाजते. वृद्ध, कृश आणि दीर्घ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना तिचा धोका अधिक.

‘थोडी थंडी वाजली तर काय बिघडले?’ असे अनेक जण विचारतात. हुडहुडीने शरीराची प्राणवायूची गरज वाढते आणि दुर्बल हृदयावर ताण येतो. गार शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, औषधांचा अंमल लांबतो, जखमेकडे रक्त कमी पोहोचते. सन १९९६ मध्ये मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे तापमान ३४.७ अंशांच्या आसपास उतरले, त्यांच्यापैकी शेकडा १९ जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ज्यांना उबदार ठेवले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ६ होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सन २०२२ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांचा, मुख्यतः चीनमधील, अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी तापमान ३५.५ अंश ठेवलेले आणि ३७ अंश ठेवलेले रुग्ण यांच्यात हृदयविकाराच्या किंवा संसर्गाच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे अर्ध्या अंशाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तापमान फार उतरू देणे बरे नव्हे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१६ मध्ये त्या सुधारल्या. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णास ऊब द्यावी, सलाईन व रक्त गरम करून द्यावे, शस्त्रक्रियेनंतर दर १५ मिनिटांनी तापमान मोजावे आणि ते ३६ अंश झाल्याशिवाय रुग्णास वॉर्डात हलवू नये, असे त्या सांगतात. तापमान उतरलेच, तर गरम हवेचे पांघरूण वापरतात. त्यात यंत्राद्वारे गरम हवा सोडलेली असते. साधे पांघरूण शरीराची आहे ती ऊब राखते. हे पांघरूण बाहेरून ऊब देते. गरम केलेल्या सुती चादरींच्या तुलनेत त्याने तापमान साधारण अर्धा तास आधी पूर्वपदावर येते, असे निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे.

आता घरच्यांनी काय करावे? शस्त्रक्रियेस जाताना स्वेटर, मोजे, शाल बरोबर न्यावी आणि बोलावणे येईपर्यंत रुग्णास उबदार ठेवावे. रुग्ण उपवास करीत असेल किंवा अलीकडे वजन घटले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. शस्त्रक्रियेनंतर ‘तापमान किती आहे?’ हे परिचारिकेस निःसंकोच विचारावे. डोके व अंग कोरड्या कपड्याने झाकावे; ओली चादर तत्काळ बदलून घ्यावी. गरम पाण्याची पिशवी, विटा, शेगडी यांचा वापर कदापि करू नये. हुडहुडी भरली तर लगेच कळवावे. ती थांबवणारी औषधे आहेत. आणि एक भेद लक्षात असू द्यावा : पहिल्या काही तासांतील थंडी बहुधा तापमान उतरल्याची असते, परंतु एक-दोन दिवसांनी हुडहुडी भरून ताप चढला, तर तो संसर्गाचा इशारा असू शकतो. दोन्हीत रुग्ण सारखाच कुडकुडतो. म्हणून अंदाज बांधू नये, थर्मामीटर लावावा.

माझ्या आत्याने मला कधी बोल लावला नाही. ‘तू मायेनेच ठेवलीस ना,’ एवढेच ती म्हणे. आपल्यापैकी कोणावरही रुग्णाच्या उशाशी बसण्याची वेळ येऊ शकते. त्या वेळी मायेला या चार गोष्टींची जोड मिळाली, तर माझी चूक आपल्या घरी घडणार नाही. तसे झाल्यास आजचे बोलणे सार्थकी लागले, असे मी समजेन.