श्वासातील प्लॅस्टिक आणि शाळेचा केर



शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांचे जाते जतन करून ठेवलेले आहे. महामारीच्या काळात बाबांनी गहू दळावयास घेतले व ते पीठ गावच्या शिवेवर टाकविले, ही कथा ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात आहे. आज प्रत्येक वर्दळीच्या गावात दुसरेच एक दळण चालू आहे. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, दोर, पोती रस्त्यावर पडतात. ऊन त्यांना ठिसूळ करते, चाके भरडतात आणि वारा ते पीठ उचलून नेतो. कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांचे तंतूही त्यात मिसळतात. ५ मिलिमीटरहून लहान अशा कणांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. धान्याचे पीठ कुजून मातीस मिळते. हे पीठ वर्षानुवर्षे तसेच राहते.

ते श्वासावाटे किती खोल जाते? इंग्लंडमधील हल येथील संशोधकांनी २०२२ साली शस्त्रक्रियेत काढलेले जिवंत माणसांच्या फुप्फुसांचे १३ नमुने तपासले. त्यांपैकी ११ नमुन्यांत, आणि फुप्फुसाच्या अगदी खालच्या भागातही, हे कण आढळले.

मात्र विद्यार्थ्यांस भय घालू नये. सर्वसामान्य हवेतील या कणांमुळे अमुक रोग होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. परंतु नायलॉनचे बारीक तंतू तयार करणाऱ्या अमेरिकेतील कारखान्यात कामगारांना फुप्फुसाचा विकार जडल्याची नोंद १९९८ साली झाली. तेथील तंतूंचे प्रमाण फार मोठे होते, हे खरे. तरी फुप्फुसास ते सोसत नाहीत, एवढा बोध त्यातून मिळतो. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते.

म्हणून सकाळचा केर हाच या विषयाचा पहिला पाठ होय. झाडण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडावे अथवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. केरातील प्लॅस्टिक वेगळे काढून ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावे. केर पेटविण्याची जुनी सवय सर्वप्रथम मोडावी. प्लॅस्टिकचा धूर तर निःसंशय घातक आहे, आणि त्या आगीभोवती बहुधा मुलेच उभी असतात. राज्यात २०१८ पासून अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. पण कायदा वर्गापर्यंत पोहोचतो तो शिक्षकाच्या हातूनच. ज्या शाळेच्या अंगणात धूर दिसत नाही, तेथे हा पाठ पोहोचला असे समजावे.