जुन्या करवतीचे नवे बटण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाची संहिता)



मंडळाच्या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत करवतीच्या बटणावर बोलायला उभे राहणे थोडे धारिष्ट्याचेच आहे. शिवाय मी कला शाखेचा पदवीधर. माझी सारी नोकरी नस्तींवर टिपणे लिहिण्यात गेली. पण चिटणीसांचा आग्रह असा पडला की, ज्या यंत्रावर यंदाच्या गणपतीच्या मखराचे लाकूड कापले जाणार, त्याची हकिगत सभासदांना कळावी.

थर्मोकोलचा मखर नको, असे आपण ठरविले तेव्हा लाकूड कापण्याचा प्रश्न आला. मी एका ओळखीच्या सुताराकडे चौकशी केली. फरिदाबादच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती. काम बंद करून तो गावी निघाला होता आणि टेबलावर बसविलेली आपली गोल करवत, एक अश्वशक्तीच्या मोटारीसह, अगदी माफक किमतीत द्यायला तयार झाला. पैसे मोजून झाल्यावर त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. तर्जनी आणि मधले बोट पहिल्या पेरापासून नव्हते. म्हणाला, "साहब, पहले इसका बटन बदलवाइए, फिर लकड़ी काटिए।"

३१ जुलै २०१२ ची दुपार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आदल्या दिवशी पहाटे उत्तरेची विद्युत् ग्रिड कोसळली होती. त्या दिवशी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रिड एकदम बंद पडल्या. मेट्रो थांबली, चौकांतले दिवे विझले. या सुताराची करवतही फळी अर्ध्यावर असताना थांबली. वीज लवकर येत नाही असे पाहून त्याने फळी काढली, जेवण केले, आणि रिकामा वेळ कारणी लावावा म्हणून पात्याभोवतीचा भुसा हाताने काढू लागला. करवतीचे बटण बंद करायचे राहून गेले होते. थांबलेले यंत्र बंदच आहे असे कोणालाही वाटेल. आणि वीज आली.

त्या यंत्रावर बटण होते ते घरातल्या दिव्यापंख्याला असते तसले साधे. एकदा खाली दाबले की ते खालीच राहते. वीज जावो, येवो, त्याला त्याची दखल नसते. पंख्याच्या बाबतीत ही सोय आहे. रात्री वीज येऊन पंखा आपोआप फिरू लागला तर आपण दुवाच देतो. करवतीच्या बाबतीत तीच गोष्ट घातक ठरते.

येथे थोडे विषयांतर करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्रही आपल्या शेतकऱ्यांच्या हाती दिले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. हाताने चक्र फिरवायच्या अशा यंत्रात हात थांबला की पातेही थांबते. माणसाची इच्छा आणि यंत्राची गती यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. मोटार आली आणि ही जोडी फुटली. आपल्या शेजारच्या हरियाणात त्याच जातीच्या यंत्राला 'टोका' म्हणतात. त्याला आणि मळणीयंत्राला मोटारी लागल्या, आणि हात गमावलेली माणसे गावोगाव दिसू लागली. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला, त्यात मळणीयंत्राचा उल्लेख नावानिशी आहे. त्याही आधी, १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २४ मध्ये, चुकून 'चालू' स्थितीत सरकू शकेल असे बटण सुरक्षित स्थितीत कुलूपबंद ठेवण्याची व्यवस्था सांगितली होती. सुताराच्या शेडपर्यंत आणि आमच्या व्हरांड्यापर्यंत असली कलमे पोहोचत नाहीत, हे सरकारी नोकर म्हणून मला कबूल केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. ते मी एकट्याने केले नाही. परवानाधारक वायरमन शेजारी होता. आधी त्याने केवळ तपासणीसाठी प्लग लावून, बटण बंद ठेवून मोटारीच्या टोकाला टेस्टर टेकविला. टेस्टर पेटला! सॉकेटकडे तोंड करून उभे राहिले की उजवीकडचे छिद्र फेजचे, डावीकडचे न्यूट्रलचे आणि वरचे मोठे अर्थिंगचे. कोणीतरी प्लगमध्ये तारा उलट जोडल्या होत्या. त्यामुळे बटण फेज तोडण्याऐवजी न्यूट्रल तोडत होते. मोटार थांबे, पण तिच्या आत २३० व्होल्ट उभे असत. वायर दोनच तारांची, म्हणजे अर्थिंग मुळातच नव्हते. लाल फेज आणि काळी न्यूट्रल ही खूण नव्या वायरीत मानावी. जुन्या यंत्रात रंगावर विश्वास ठेवू नये.

मग प्लग काढला आणि तो टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला. मोटारीच्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून वायरमनने प्रथम ती उतरविली. जुने बटण गेले. त्याच्या जागी भगीरथ पॅलेसमधून (चांदणी चौकातली ही इमारत एके काळी बेगम समरूचा वाडा होती, आज तेथे पाय ठेवायला जागा नाही) आणलेला एक फेजचा स्टार्टर बसविला. हिरवे बटण चालू करण्याचे, लाल बंद करण्याचे. आतली रचना मात्र मोठी मनोज्ञ आहे. हिरवे बटण दाबले की एका वेटोळ्यात वीज जाऊन त्याचे चुंबक होते. ते चुंबक मोटारीचे संपर्क ओढून धरते आणि त्याच ओढीत स्वतःला वीज मिळण्याची वाटही जोडून घेते; म्हणून बोट उचलले तरी यंत्र चालू राहते. वीज गेली की चुंबकत्व जाते, स्प्रिंग संपर्क मागे ढकलते आणि वाट तुटते. वीज परत आली तरी ती तुटलेलीच राहते. पुन्हा कोणी हिरवे बटण दाबील तेव्हाच यंत्र सुरू होईल.

त्याच पेटीत ओव्हरलोडची पट्टी असते. मोटार अडकून प्रमाणाबाहेर वीज ओढू लागली की ती तापून वाकते आणि यंत्र बंद करते. तिचा काटा मोटारीच्या पाटीवरील आकड्याशी जुळविला. तीन तारांची नवी वायर घातली. हिरवी तार यंत्राच्या सांगाड्याला घट्ट बांधली. एक गोष्ट हा स्टार्टर करीत नाही, ती सांगतो. लाल बटण दाबल्यावरही पाते काही क्षण आपल्या वेगाने फिरत राहते. त्या क्षणांत हात पुढे नेऊ नये. आणि भुसा काढायचा तर प्लग काढूनच.

परीक्षेच्या वेळी करवत मोकळी चालविली, सर्वांना दूर उभे केले आणि मुलाला भिंतीवरचे मुख्य बटण बंद करायला सांगितले. पाते घरघरत थांबले. दोन मिनिटांनी वीज पुन्हा दिली. व्हरांड्यातला दिवा लागला, पंखा फिरू लागला. करवत स्तब्ध होती. संध्याकाळी सुताराला गावी फोन केला. यंत्र कसे कापते हे त्याने विचारले नाही. "बिजली लौटने पर चली तो नहीं?" एवढेच त्याने दोनदा विचारले.

करवत सध्या सभागृहामागच्या खोलीत आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाआधी तिकडे यावे. स्टार्टरचे झाकण मी, अर्थात प्लग काढून, उघडून दाखवीन.