नवे घेतलेले तट्टू लंगडते तेव्हा



आपल्या कार्यक्रमात बैल, म्हैस आणि आपली उस्मानाबादी शेळी यांच्याविषयी वरचेवर बोलणे होते. घोड्याचे नाव क्वचितच निघते. जिल्ह्यात घोडी थोडी आहेत, हे खरे. पण परंडा, भूम, वाशी या बाजूच्या धनगर बांधवांना विचारा. वाडा हलतो तेव्हा भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, जाळी, कोकरे, कधी तान्हे मूलही तट्टाच्याच पाठीवर असते. ते तट्टू वाटेत लंगडले, तर सगळे बिऱ्हाड जागच्या जागी अडते. लग्नसराईत घोडी भाड्याने देणारे आहेत, वीटभट्टीवर ओझी वाहणारे आहेत. त्यांचेही पोट त्या चार पायांवरच चालते.

ही तट्टे बहुधा जत्रेतून येतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, तिथला घोड्यांचा बाजार आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अकलूजला घोडेबाजार भरतो, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरतो. तिथे थोराड, उंच घोडी पाहून डोळे दिपतात. माझे मत विचाराल तर आपल्या खडकाळ बालाघाटात आणि काळ्या रानात भीमथडीचे ठेंगणे, घट्ट खुराचे तट्टूच बरे. या भीमथडी घोड्याची आता देशातली स्वतंत्र जात म्हणून रीतसर नोंदही झालेली आहे.

असो. जनावर घरी आले, पूजा झाली, पोरे पाठीवर बसली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पाय टेकायला कां-कूं करू लागले, म्हणजे घरात काय होते ते मी सांगायला नको. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो पायगुण वाईट. शेजारी लगेच विळा तापवायला घेतो. थांबा. आधी जनावराकडे नीट बघा.

पहिली गोष्ट, कुठला पाय दुखतो ते ठरवा. हे वाटते तितके सोपे नाही. जनावर सपाट, कठीण जमिनीवर न्या. डांबरी रस्ता किंवा घट्ट मुरूम चालेल, नांगरटीत कळणार नाही. एका माणसाने दोर सैल धरून आधी चालवावे, मग दुडकीने पळवावे. दोर आवळून धरला तर मान हलत नाही आणि लबाडी चालून जाते. तुम्ही समोर उभे राहा आणि डोक्याकडे बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना घोडे डोके वर उचलते आणि चांगला पाय टेकताना डोके खाली टाकते. पुष्कळ लोक याच्या उलट समजतात आणि चांगल्याच पायाला तेल चोळत बसतात. मागचा पाय दुखत असेल तर मागे उभे राहून दोन्ही पुठ्ठे बघा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. मग दोन्ही बाजूंनी लहान फेऱ्यात वळवून बघा. उभ्या उभ्या एकच पुढचा पाय पुढे टाकून नुसते टोक टेकवत असेल, तर तोही पाय संशयाचा धरावा.

पाय कळला की खालून वर जायचे. घोड्याच्या अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो, आणि पुढच्या पायाचे लंगडणे पुष्कळदा खुरातच निघते. लोक मात्र खांदा चोळतात, कारण खांदा हाताशी असतो आणि खूर उचलायला वाकावे लागते. खूर उचला. बोथट हुकाने टाचेकडून टोकाकडे शेण-माती काढा, पाण्याने धुवा, उजेडात बघा. तळव्याच्या मध्ये रबरासारखी त्रिकोणी गादी असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडा अडकतो, बाभळीचा काटा मोडतो, वाटेवरचा खिळा घुसतो. दोन्ही खुरांना आळीपाळीने हात लावून बघा, एक जास्त गरम लागतो काय? खुराच्या वर, मागच्या अंगाला दोन्ही कडांना बोट ठेवले की नाडी लागते. चांगल्या पायात ती जेमतेम कळते. दुखऱ्या खुरात ती ठणाठण उडते. हे एकदा निरोगी पायावर शिकून ठेवा, म्हणजे गरजेला उपयोगी पडेल.

नाल अलीकडे मारला असेल तर आधी नालावर संशय घ्या. बाजारात नेण्यापूर्वी जनावर नटवतात, त्यात घाईने नाल मारतात. खिळा खुराच्या जिवंत भागाजवळून गेला तर एक-दोन दिवसांनी घोडे लंगडू लागते. परंड्याकडच्या एका मेंढपाळाची घोडी अशीच आणल्यावर तिसऱ्या दिवशी तीन पायांवर आली. वस्तीतल्या जाणत्यांनी खांद्याला डाग द्यायचे ठरवले होते. नशीब असे, की त्या दिवशी शेळ्यांना लस टोचायला पशुवैद्यक वस्तीवर आले होते. त्यांनी एकेक खिळा ठोकून पाहिला, चौथ्याला घोडीने पाय झटकला. नाल काढला, खिळ्याच्या वाटेने काळा पू आला. दुसऱ्या दिवशी घोडी पाय टेकून उभी होती. डाग दिला असता तर खांदा भाजला असता आणि पू खुरातच राहिला असता.

खुरात पू झाला तर तो बाहेर निघेपर्यंत आराम नाही. घोडे काल बरे होते आणि आज पाय मोडल्यासारखे उचलून धरते, असे झाले तर बहुतेक वेळा पू असतो. वाट करून देणे पशुवैद्यकाचे काम आहे, घरच्या चाकूने तळवा कोरू नये. ते येईपर्यंत बादलीत कोमट पाणी आणि मूठभर मीठ घालून पाय पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा. नंतर स्वच्छ फडके गुंडाळून वरून गोणपाट बांधावे, म्हणजे शेण-मूत आत जात नाही.

खिळा किंवा तार तळव्यात रुतलेली दिसली आणि डॉक्टर तासा-दोन तासांत येणार असतील, तर ती काढू नका, जनावर हलवू नका. किती खोल आणि कोणत्या दिशेने गेली, ते त्यांना बघू द्या. उशीर लागणार असेल तर सरळ ओढून काढा, जागेवर खूण करा, आणि खिळा फेकू नका, दाखवायला ठेवा. मधल्या गादीत खोल गेलेला खिळा सांध्यापर्यंत पोचू शकतो. मग जखम वरून टिचभर दिसली तरी जनावर कायमचे जाते.

इथे एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे. धनुर्वात जितका लवकर घोड्याला होतो, तितका क्वचितच दुसऱ्या जनावराला होतो. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतातच. पायाला, खुराला कसलीही भोसकल्यासारखी जखम झाली की त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारा. नव्या तट्टाला पूर्वी लस दिली होती, हे विकणाऱ्याचे बोलणे खरे धरू नका. अंग ताठ झाले, जबडा मिटला, शेपूट उचललेली राहिली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे आला, म्हणजे फार उशीर झाला असे समजा.

दुसरे कारण प्रवास. माळेगावहून टेम्पोत रात्रभर चारी पाय रोवून उभे राहिलेले जनावर आखडते. एक-दोन दिवस विसावा आणि हळूहळू फिरवणे यांनी ते मोकळे होते. पण गाडीत पाय दोराने आवळले असतील, किंवा चरायला सोडताना सुंभाचा पायबंद घातला असेल, तर खुराच्या वरच्या खळग्यात दोर काचून जखम होते. केसांखाली ती दिसत नाही, बोटाने चाचपावी लागते. मिठाच्या पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, माशा बसू देऊ नका. सुंभाऐवजी रुंद, मऊ पट्टा वापरा.

पायाच्या नळीमागच्या शिरा, म्हणजे गुडघ्याखाली मागच्या बाजूला लागणाऱ्या दोऱ्या, सुजल्या आणि गरम लागल्या, तर ते मुरगळणे आहे. गरम शेक नको. विहिरीचे गार पाणी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा सोडावे, आणि विश्रांती द्यावी. विश्रांती म्हणजे महिना-दोन महिने, कधी जास्तही. चार दिवसांत सूज उतरली म्हणून ओझे लादले, की ती शीर पुन्हा जाते आणि मग भरून येत नाही.

तिसरे कारण आपल्या मायेतून येते, म्हणून ते जास्त वाईट. नवे जनावर आले की घरची माणसे तोबरा भरभरून ज्वारी, हरभरा, हुलगे चारतात. बाजारात नुसत्या कडब्यावर राहिलेल्या तट्टाला एकदम एवढी चंदी पचत नाही. पोट फुगते, आणि एक-दोन दिवसांत पुढच्या दोन्ही खुरांना आतून दाह होतो. अशा वेळी एक पाय लंगडत नाही. जनावर पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन, खिळल्यासारखे उभे राहते आणि वळायला तयार होत नाही. दोन्ही खूर गरम असतात. याला तातडीचा उपाय लागतो. ते चालवू नका, फिरवून मोकळे होईल ही समजूत सोडा. दाणा पूर्ण बंद, नुसते गवत आणि पाणी. पायाखाली मऊ वाळू किंवा भुसा टाका, खूर गार पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. उशीर झाला तर आतले हाड फिरते आणि तट्टू कामातून जाते. चंदी मूठ-मूठ वाढवत पंधरा दिवसांत पूर्ण करावी.

गोठ्यात ओल असेल तर मधल्या गादीच्या खाचांतून काळा, घाणेरड्या वासाचा चिकटा येतो. जागा कोरडी करा, रोज खूर साफ करा, सुरुवातीचा असेल तर एवढ्याने बरा होतो.

औषधाबद्दल एक सावधगिरी. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घोड्याला चारू नका, पोटात व्रण पडतात. डायक्लोफेनॅक तर गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी २००६ सालीच बंद करण्याचा निर्णय झालेला आहे. शिवाय वेदना दबली की जनावर दुखरा पाय दामटते आणि इजा वाढते. हीच युक्ती काही हेडी बाजारात करतात. इंजेक्शन दिलेले तट्टू दोन दिवस झकास चालते, उतरले की लंगडते. म्हणून बाजारात जनावर आधीपासून पळवून गरम करून ठेवलेले घेऊ नका. ते शांत उभे असताना बघा, पहिली पावले स्वतः बघा, मऊ मातीतून काढून कठीण जागी न्या. दोन्ही पुढच्या खुरांची जोडी सारखी आहे का, ते पाहा. एक खूर अरुंद आणि लहान असेल तर ते दुखणे जुने आहे. दातांवरून वय काढा. दुधाचे दात पाडून पुढचे सगळे दात पाच वर्षांच्या सुमारास पुरे होतात. त्याआधीच्या शिंगरावर ओझे लादले तर पाय कायमचे वाकतात. सगळे पैसे त्याच जागी मोजू नका. लंगडे निघाले तर आठ दिवसांत परत, असे पावतीवर लिहून घ्या. रुमालाखाली बोटे मोजून झालेल्या सौद्याला पुढे साक्षीदार मिळत नाही.

नवे तट्टू दोन-तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळे बांधा, पाण्याची बादली वेगळी ठेवा. पाय सुजला आहे, त्यावर ओळीने गाठी उठून फुटतात, नाकातून घट्ट शेंबूड येतो, असे दिसले तर ते साधे लंगडणे नव्हे. ग्लँडर्स नावाचा रोग असू शकतो. तो माणसालाही लागतो, त्याला लस नाही, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे तो कळवणे बंधनकारक आहे. हात न लावता दवाखान्याला कळवा. कळवल्याने जनावर जाईल या भीतीने लपवू नका. घरातली पोरे त्याच जनावराच्या अंगाखांद्यावर खेळत असतात.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणे जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. फिरत्या पथकाची मदत त्यावरून मागता येते. हाडाची शंका असेल, फोटो काढायची गरज पडेल, तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता आपल्याला लांब नाही.

आणि उपाय करूनही पाय सुधारला नाही तर? लंगडे जनावर कामाला जुंपणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला इंजेक्शन टोचून पुढच्या जत्रेत दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात बांधण्याचा मोह होतो, हे मी जाणतो. आपल्याला फसवले म्हणून आपण फसवायचे, तर तेच तट्टू दर वर्षी एकेका बिऱ्हाडाला बुडवत फिरते. हलक्या लंगडेपणाची घोडी ओझ्याला नाही तरी पैदाशीला चालते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

बरे झालेल्या तट्टाला पहिला आठवडा नुसते हाताने धरून सपाट जमिनीवर चालवा. दुसऱ्या आठवड्यात रिकामे खोगीर ठेवा, मग थोडे थोडे ओझे वाढवा. नाल दर दीड महिन्याला काढून खूर कापून घ्या, नाल झिजला नसला तरीही. खूर वाढतच असतो.