सी शिकायला इंग्रजी किती लागतं?

नांदूरघाट, केजकडची मराठी माध्यमाची मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जातात आणि विचारतात, "सर, प्रोग्रॅमिंगला इंग्रजी किती लागतं?"

बघा, १९८९ च्या मानकात सी भाषेचे राखीव शब्द फक्त ३२. इफ, एल्स, व्हाईल, असे. खरं अडतं ते हिशोबात. सीमध्ये ७ भागिले २ केलं की ३ येतात! दोन्ही पूर्णांक असले की अपूर्णांक गळून जातो. ७.० लिहिलं की ३.५ मिळतात. एरर येत नाही, म्हणून चूक दिसतही नाही.

तेव्हा लॅपटॉप नसला तरी चालेल. वही घ्या, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते लिहा. मराठीतच लिहा. परीक्षेत हीच सवय कामाला येते.